मासे दाखवणारी पेटी आणि माझा बदलीचा अर्ज

तमाम जनतेस, आणि त्यातही रविवारी सकाळी गळ घेऊन पाण्याकाठी बसणाऱ्या सज्जनांस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, पाण्यातला मासा दाखवणारं यंत्र विकत घ्यावं की घेऊ नये या प्रश्नाचा निकाल सत्तरीच्या दशकातच लागलेला आहे. तो सांगली जिल्ह्यात, कडेगावच्या बाजूच्या एका तलावावर, गूळ शिजवायच्या काहिलीत बसून लावण्यात आला. निकाल लावणाऱ्या समितीत तिघे होतो. बाकीचे दोघे आता हयात नाहीत, त्यामुळे माझ्या सांगण्याला आव्हान देणारं कोणी उरलेलं नाही. या लेखाची ही सर्वांत भक्कम बाजू.

हे आज सांगायचं कारण एवढंच, की असली यंत्रं आता खिशात मावतील इतकी लहान मिळतात म्हणे, आणि परवा माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी मला विचारलं, घेऊ का. मी त्यांना म्हटलं, बसा. ते बसले, आणि दीड तासाने उठले. तुम्हाला एवढा वेळ लागणार नाही.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि सरकारात कनिष्ठ लिपिक होतो. खात्याचं नाव सांगत नाही. पाण्याशी संबंध होता, एवढं पुरे. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. बायको साताऱ्याला मुलींच्या शाळेत गणित शिकवायची आणि एका खोलीत एकटी राहायची. मी कडेगावात दुसऱ्या एका खोलीत एकटा राहायचो. शनिवारी दुपारी ऑफिस सुटलं की एसटीने कराड, कराडहून सातारा, आणि रविवारी संध्याकाळी तोच रस्ता उलटा. तिला सातवा महिना लागला तेव्हा मी साताऱ्याला बदली मिळावी म्हणून अर्ज केला. तिथे एक जागा रिकामी होती, पण ती फार दिवस रिकामी राहणार नव्हती. अर्जावर आमच्या साहेबांचा शेरा हवा होता, 'शिफारस करण्यात येते'. तीन शब्द आणि खाली सही. तेवढ्यासाठी अर्ज साहेबांच्या ड्रॉवरमध्ये पडून होता.

साहेब वाईट माणूस नव्हते. कामाला चोख, बोलायला सभ्य, शिपायालासुद्धा 'अहो' म्हणणारे. त्यांना मासे धरायचा नाद होता आणि माशांना त्यांचा नाद नव्हता, एवढीच काय ती अडचण. त्यांच्याकडे मुंबईहून आणलेली चक्रीची काठी होती, पिसांचे आणि पितळेचे गळ होते, कॅनव्हासची टोपी होती. दोन वर्षांत त्यांच्या गळाला एक कासव लागलं होतं, आणि एकदा पैलतीरावर वाळत घातलेलं एका बाईचं लुगडं. त्या बाईने साहेबांना जे ऐकवलं ते खात्यातल्या कुठल्याच फायलीत नाही, पण सगळ्या खात्याला पाठ होतं.

अशात साहेबांचा मेहुणा बोटीवरच्या नोकरीतून सुट्टीला आला आणि येताना ती पेटी घेऊन आला. मोठ्या ट्रान्झिस्टरएवढी, पोपटी रंगाची, वर धरायला कडी. दर्शनी बाजूला घड्याळासारखी तबकडी, तिच्यावर फुटांचे आकडे, आणि पेटी चालू केली की तबकडीवर एक लाल ठिणगी गरागरा फिरायची. पेटीतून एक लांब वायर निघत होती आणि वायरीच्या टोकाला काळा गोळा होता, पेढ्याएवढा. तो पाण्यात सोडायचा. तळ जितका खोल असेल त्या आकड्यावर लाल रेघ उमटणार, आणि तळाच्या वर, मधेच कुठे रेघ उमटली, तर तो मासा. असं पेटीबरोबरच्या पुस्तकात लिहिलं होतं. पुस्तक इंग्रजी होतं, आणि माझं इंग्रजी ऑफिसात बरं समजलं जायचं, म्हणून साहेबांनी ते मला मराठीत करायला सांगितलं. मग यंत्र पाण्यात कुठे सोडलं आणि काय दिसलं याचं एक रजिस्टर घालायला सांगितलं. मग रविवारी सकाळी तलावावर यायला सांगितलं.

मेहुण्याची अट सोपी होती. महिनाभर वापरून बघा, आवडली तर ठेवून घ्या, नाही तर मी बोटीवर जायच्या आधी परत करा, घेणारे दुसरे आहेत. तेव्हा पेटी ठेवायची की परत द्यायची, हे त्या रजिस्टरवरून ठरणार होतं. मी एकदा धीर करून अर्जाची आठवण केली. साहेब हसून म्हणाले, यंत्राचं एकदा नक्की होऊ दे, मग तुमचा अर्ज हातात घेऊ. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. त्यांना एका वेळी एकच गोष्ट सुचायची, आणि त्या महिन्यात ती पोपटी होती.

तलाव बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून बांधलेला. होडी तिथे कुणी पाहिलेली नव्हती. पण शेजारच्या गुऱ्हाळावर काहील होती, उसाचा रस आटवायची ती भली थोरली लोखंडी कढई. हंगाम नसला की ती उपडी पडून असते. आमच्याकडे नदीला पाणी आलं की लोक काहिलीत बसून पैलतीर गाठतात, त्यामुळे त्यात कुणाला नवल वाटलं नाही. नवल फक्त साहेबांना वाटलं, तेही बसल्यावर. काहिलीला तोंड नसतं आणि शेपूटही नसतं. वल्हं मारलं की ती पुढे जाण्याआधी स्वतःभोवती एक फेरी घेते, आणि आत बसलेल्या माणसाला तलावाच्या चारही दिशांचं सारखंच दर्शन होतं. साहेब मधे पेटी मांडीवर घेऊन, मी रजिस्टर घेऊन, आणि वल्ह्याच्या जागी फळी घेऊन तलावाचा चौकीदार.

चौकीदार फौजेतून रिटायर झालेला, पन्नाशीचा, काटक. साहेबांना कडक सलाम ठोकायचा आणि विचारल्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही. हे त्याला फौजेने शिकवलं होतं. विचारल्यावर मात्र पोटात काही ठेवायचा नाही. हे त्याला कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

पहिल्या रविवारी तलावाच्या मध्यावर तबकडी कोरी राहिली. नुसती तळाची रेघ. पण पश्चिमेच्या कोपऱ्यात गेलो आणि ठिणगीने थयथयाट मांडला. वर लाल, खाली लाल, मधे लाल. साहेबांचा आवाज बारीक झाला. त्यांनी गळ टाकला, आणि दोन तासांत त्यांच्या आयुष्यातला पहिला मासा वर आला, हातभर लांबीची मरळ. पाठोपाठ दुसरी. साहेबांनी मरळ दोन्ही हातांत धरून पेटीसमोर नेली, बाळाला वडीलधाऱ्यांच्या पाया घालतात तशी. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'कामगिरी समाधानकारक'.

आता खरी गोष्ट अशी होती, की त्या कोपऱ्यात वाड्यावस्त्यांवरच्या म्हशी पाण्याला यायच्या, शेण पडायचं, आणि पाणी शेवाळाने गच्च भरलेलं असायचं. मरळीला एवढं मिळालं की तिला दुसरं काही नको. चौकीदार गेली कित्येक वर्षं तिथेच मासे धरत होता. पण त्याला कोणी विचारलं नव्हतं.

मलाही ते लगेच कळलं असं नाही. पुढच्या बुधवारी साहेबांनी पेटी उन्हात वाळवायला माझ्याकडे दिली, ती घेऊन मी तलावावर गेलो आणि मला एक खोडी सुचली. बांधाच्या पायथ्याशी पाणी खोल आणि नितळ होतं आणि एक मोठा कटला मासा हातभर पाण्याखाली संथ फिरत होता, आम्हा दोघांना डोळ्यांनी दिसत होता. चौकीदाराने काळा गोळा बरोबर त्याच्या पाठीवर आणून सोडला. तबकडी कोरी. मग आम्ही तो गोळा शेवाळाच्या एका पुंजक्यावर नेला. तबकडी लालभडक. चौकीदाराने त्या पुंजक्यात वेळूची काठी घालून चांगलं ढवळलं. एक बेडूक निघाला.

चौकीदाराने काठी पाण्यातून काढून निथळली. मग म्हणाला, "म्हंजे ह्ये शेवाळ दाखवतंय व्हय. शेवाळ मला यंत्राबिगर दिसतंय की."

या विषयावर याहून शहाणं वाक्य मी नंतर कुठे वाचलं नाही. आजच्या यंत्रांची मला माहिती नाही, ती बेडूक आणि मासा वेगळे काढतही असतील. पण त्या पेटीपुरतं माझं मत तेव्हाच झालं. पाण्याची खोली ती बिनचूक सांगायची. तेवढ्यासाठी हवी असेल तर दोरीला दगड बांधावा. काठ ओळखीचा असेल तर पेटीचा उपयोग नाही, आणि ओळखीचा नसेल तर पेटी आपल्याला शेवाळात नेऊन बसवते. शेवाळात मासे असतात हे खरं. त्याचं श्रेय पेटीने घेऊ नये.

पण मत झालं म्हणून ते लिहायचं असतं असं थोडंच आहे. मी चौकीदाराला म्हटलं, हे साहेबांच्या कानावर जायला नको. तो म्हणाला, "मला इचारलंय कुणी, भाऊसाब?" आणि दुसऱ्या रविवारी पुन्हा तोच कोपरा, पुन्हा लाल तबकडी, आणखी तीन मरळी, आणि माझ्या सुवाच्य अक्षरात पुन्हा 'कामगिरी समाधानकारक'. साहेब खूश होते. ते खूश राहतील तोवर माझा अर्ज जिवंत होता. माझे मात्र दोन्ही रविवार काहिलीत गेले होते, आणि साताऱ्याला मी फिरकलोही नव्हतो.

मग साहेबांनी जाहीर केलं की येत्या रविवारी अंतिम चाचणी. सोमवारी मेहुण्याला पत्र जाणार होतं.

आता आमच्या हेडक्लार्कांना पुढे यावं लागेल. तीस वर्षं नोकरी झालेला, टोपीतला, अत्यंत मायाळू माणूस. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की तुम्ही निर्धास्त साताऱ्याला जाऊन या, रविवारी पहिल्या गाडीने परत या, चाचणीचं सगळं मी बघतो. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. 'सगळं बघतो' म्हणजे काय, हे विचारायचं मला सुचलं नाही.

साताऱ्याला बायको वह्या तपासत बसली होती. पाय सुजले होते म्हणून बादलीत सोडून बसली होती. मी तिला सगळा वृत्तांत साभिनय सांगितला. काहील कशी फिरते ते खोलीत फिरून दाखवलं, साहेबांची मरळ दाखवली, बेडूक दाखवला. एरवी ती हसते. त्या दिवशी तिने लाल पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, अर्ज कुठे आहे. मी म्हटलं, ड्रॉवरमध्ये. यंत्र पास झालं की निघेल.

ती म्हणाली, "म्हणजे बाळाचा बाप कुठल्या गावात असावा, हे मरळी ठरवणार."

मी म्हटलं तसं नाही. पण ते तसंच होतं. तिने पुन्हा पेन्सिल उचलली आणि कुणाच्या तरी उत्तरावर इतकी जोरात फुली मारली की कागद फाटला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पहिली एसटी पकडली, कराडला गाडी बदलली आणि थेट तलावाच्या फाट्यावर उतरलो.

लांबूनच मला काहीतरी चमकताना दिसलं. जवळ गेलो तेव्हा ते काय आहे ते कळलं.

आमच्या खात्यात साहेब येणार म्हटलं की एक गोष्ट ठरलेली असायची. जे उभं असेल त्याला चुना, जे आडवं असेल त्याला गेरू, आणि जे उगवलं असेल ते उपटायचं. साहेब तपासणीला येवोत, सहलीला येवोत, की कुणाच्या बारशाला येवोत. हेडक्लार्कांनी 'चाचणी' हा शब्द ऐकला होता आणि तीस वर्षांच्या सवयीने शनिवारी दुपारी पंधरा माणसं तलावावर लावली होती. काठचा दगड न् दगड पांढरा झाला होता. मधून मधून गेरूचे पट्टे. वाटेवर पाणी शिंपून सडा टाकलेला. 'गुरे पाण्यात घालू नयेत' अशी नवी पाटी. आणि पश्चिमेचा तो कोपरा, आमच्या सगळ्या समाधानाचं उगमस्थान, विळ्यांनी कापून, फावड्यांनी ओढून, आरशासारखा स्वच्छ केलेला. शेवाळाचा ढीग काठावर सुकत पडला होता. शेवटी चुन्याची घमेली आणि झाडू त्याच पाण्यात धुतले होते. इतकंच काय, काहीलसुद्धा घासूनपुसून बाहेरून डांबर मारून ठेवली होती, आणि ते डांबर अजून ओलं होतं.

हेडक्लार्क हात चोळत पुढे आले. त्यांनी मला विचारलं, कसं काय वाटतं. मी म्हटलं, छान. चौकीदार लांब उभा होता, हाताची घडी घालून.

साहेब जीपमधून उतरले, सगळीकडे बघितलं आणि प्रसन्न झाले. स्वच्छतेने ते नेहमीच प्रसन्न व्हायचे. आम्ही तिघे काहिलीत बसलो. चढताना साहेबांच्या पांढऱ्या पँटला डांबर लागलं, ते मी त्यांना सांगितलं नाही. कोपऱ्यात गेलो. काळा गोळा पाण्यात सोडला. तबकडीवर तळाची एक रेघ उमटली आणि वर काही नाही. साहेबांनी गोळा वर काढून पुसला, पुन्हा सोडला. काही नाही. पेटीला दोन थापा मारल्या. मग आम्ही कोपऱ्याच्या दहा फेऱ्या मारल्या, म्हणजे काहिलीच्या हिशेबाने वीस. गळ टाकले. ऊन डोक्यावर आलं. काठावरून हेडक्लार्क अधूनमधून हात हलवून धीर देत होते. एक बेडूकसुद्धा लागला नाही.

दोन तासांनी साहेबांनी काठी खाली ठेवली. यंत्र बिघडलं, असं ते म्हणाले. इतक्या हताशपणे, की मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी माझा अर्ज पुन्हा ड्रॉवरच्या तळाशी जाताना दिसला. बिघडलेलं यंत्र म्हणजे दुरुस्ती, दुरुस्ती म्हणजे मुंबई, पुन्हा चाचणी, पुन्हा रविवार. साताऱ्याची जागा तोवर गेली असती.

आणि मग साहेबांनी ती गोष्ट केली जी दोन वर्षांत केली नव्हती. ते चौकीदाराकडे वळले आणि म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं हो?"

चौकीदाराने फळी मांडीवर आडवी घेतली. त्याला विचारलं होतं.

"यंत्राचं माहीत न्हाई, सायेब," तो म्हणाला. "पर काल दुपारपास्नं पंधरा माणूस हितं पाण्यात व्हतं. शेवाळ काढलं, चुना धुतला, घमेली बडवली. तुमी येणार म्हणून समदं झालं. आता मासं काय आपल्या खात्यात नोकरीला हायती व्हय, सायेब येईस्तवर जाग्यावर थांबायला?"

काहील आपली सावकाश फिरत होती. साहेब पांढऱ्या काठाकडे बघत होते. फिरता फिरता त्यांना सगळा काठ दिसला, शेवाळाचा ढीग दिसला, नवी पाटी दिसली, हात हलवणारे हेडक्लार्क दिसले. मग त्यांनी चौकीदाराला आणखी एक प्रश्न विचारला, की या कोपऱ्यात मासे असतात हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं का. चौकीदार म्हणाला, "व्हय. म्हशी येत्यात न्हवं हितं." आणि उत्तर पुरं करायचं म्हणून त्याने बुधवारचा कटलाही सांगितला आणि बेडूकही.

इथे तुम्हाला उगाच टांगून ठेवत नाही. माझ्या मुलीने पहिलं रडणं काढलं तेव्हा मी साताऱ्यात, दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा होतो. बदलीला बारा दिवस झाले होते. पेटी मेहुण्याकडे परत गेली. साहेब पुढची पाच वर्षं चौकीदाराशेजारी बसून वेळूच्या साध्या काठीने मासे धरत राहिले, आणि म्हशींच्या पाटीवर त्यांनीच चुना फासला, असं मला मागाहून कळलं. माझं उत्तर ऐकून काहिलीत ते जे हसले, त्या हसण्याने ती इतकी हलली की चौकीदाराला कड धरून बसावं लागलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी कोणी हसत नव्हतं. साहेबांनी माझ्या हातातलं रजिस्टर घेतलं, दोन्ही पानं शांतपणे वाचली, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, की दोन्ही वेळा तुम्ही 'समाधानकारक' लिहिलंय, बुधवारचं काहीच लिहिलं नाही, तेव्हा आता खरं सांगा, हे यंत्र ठेवण्याच्या लायकीचं आहे की नाही.

मी शब्द जुळवले होते. यंत्र उत्तम आहे पण परिस्थिती प्रतिकूल होती, असं काहीतरी, दोन्हीकडून धरता येईल असं. ते सगळं जिभेच्या टोकावर होतं. तोंडातून मात्र भलतंच निघून गेलं, तेही एवढ्या मोठ्याने की काठावरच्या हेडक्लार्कांनी कपाळाला हात लावला.

"साहेब, आधी सही करा, मग खरं सांगतो."